बशी झाकलेला कप

आजारी माणसाला भेटायला येणारी निम्मी माणसं चहा प्यायलाच येतात, असं मी एकदा बोलून गेले. नवऱ्यानं माझ्याकडं असं बघितलं, जशी मी देवळात चप्पल घालून शिरले. पण मी काय खोटं बोलले? मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, अंगावरून वारं गेलं, ते खाटेला खिळले आणि त्या दिवसापासून आमच्या गॅसवरचं चहाचं पातेलं थंड व्हायचं नाव घेईना.

उमरगा हायवेवरचं गाव. सोलापूरहून हैद्राबादला जाणारा माणूस इथं सहज उतरतो. "चाललोच होतो, म्हटलं बघून जावं." बघायला दोन मिनिटं आणि बसायला तासभर. गल्लीतली माणसं आली, नात्यातली आली, मामांच्या जुन्या गाड्यांवरचे ड्रायव्हर आले, त्यांचे क्लीनर आले, ते क्लीनरही आता म्हातारे झालेले. कुणाला साखर कमी, कुणाला दूध जास्त. कुणी "नको नको, आत्ताच घेतला" म्हणायचं आणि ट्रे समोर आला की गपचूप उचलायचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवसभर पोरांपुढं घसा कोरडा करून यायचं, पर्स खुंटीला लावायची आणि पदर खोचून चहा ठेवायचा. सगळ्यांना देऊन झालं की माझ्या वाट्याला पातेल्याच्या तळाशी उरलेला गार चहा, तोही ओट्यापाशी उभ्यानं, आणि कित्येकदा तेवढाही नाही.

आणि खरं सांगायचं तर मला चहा करताच येत नाही. येत नाही म्हणजे, होतो, पिणारे पितात, कुणी कप परत केला नाही. पण नुसतं गोड गरम पाणी. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि मास्तरीणबाईला साधा चहा येत नाही, हे कुणाला सांगायची सोय नाही. कारण तसं साधं आहे. आमच्या घरात सकाळचा चहा मी कधी केलाच नाही. तो मामा करायचे.

मामा आयुष्यभर ट्रकवर होते. सोलापूर-हैद्राबाद, हैद्राबाद-सोलापूर. ढाब्यावरचा चहा त्यांना चालायचा नाही. त्याला ते 'धुवण' म्हणायचे. गाडीत स्टोव्ह, पातेलं आणि आल्याचा तुकडा कायम असायचा. गाडी बाजूला लावायची आणि चाकाच्या आडोशाला बसून आपला चहा आपण करायचा. पुढं गाडी सोडली, तरी ही सवय काही सुटली नाही. मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच सकाळी घाईघाईनं उठून स्वयंपाकघरात गेले, तर सासरा गॅसपुढं उभा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पुढं झाले तर सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, "ते त्यांचं खातं हाय. तू मधी पडू नको."

आमच्याकडं सासऱ्यानं सुनेशी फारसं बोलायचं नसतं. मामांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. चहा झाला की ते गाळणी पातेल्याच्या काठावर आपटायचे, ठक ठक. ती माझी हाक. मी आत जाईपर्यंत ते पुढच्या दारात जाऊन रस्त्याकडं तोंड करून बसलेले असायचे. सून चहा पीत असताना सासऱ्यानं तिथं थांबायचं नाही, ही त्यांची रीत. ओट्यावर माझा कप असायचा, गार होऊ नये म्हणून वर बशी झाकलेली. बाळंतपणात, शाळेची पहिली जीप धरायची तेव्हा, माझी आई गेली त्या दिवसांत, सासूबाई गेल्या त्यानंतरही, तो कप तिथं असायचाच. गल्लीतल्या बायका मला टोमणे मारायच्या. "तुमचं बरं हाय बाई, सासरा करतो अन् सून पिती." मारू देत. मला त्या कपाची इतकी सवय झाली होती की तो कुणीतरी करतं, हेसुद्धा माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. नळाला पाणी येतं तसा तो यायचा.

त्यांचं करणं मी कधी नीट बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढची फजिती टळली असती. मागं धुण्याच्या दगडाशेजारी गवती चहाचं बेट आहे, तिथलं एखादं पातं ते आणायचे एवढं माहीत. बाकी आवाज माहीत. आलं ठेचल्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही, मग ठक ठक.

वारं गेलं ते उजव्या अंगावरून. वाचा गेली. तोंडातून 'आं' एवढंच निघायचं, तेही जोर लावून. समज मात्र पुरती शाबूत. सोलापूरच्या डॉक्टरांनी घरी सोडताना मला आणि नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, यांची गिळायची ताकद कमी झालीय, पातळ काही तोंडात गेलं की ते पोटात न जाता श्वासनळीत उतरतं. पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट करून द्यायचं, चमच्यानं. कण्या शिजवून मिक्सरमधून काढायच्या, वरण घट्ट, भात मऊ. नवऱ्यानं विचारलं, "आणि चहा?" डॉक्टर म्हणाले, "चहा तर विसराच." दारातून बाहेर पडताना नवरा डोळे पुसत होता. इतकं सगळं ऐकलं त्यात त्याला रडू आलं ते चहाचं.

मामांची खाट पुढच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दाराला लागून. मी आत चहा उकळायची, वास थेट त्यांच्या नाकात. पाहुणे त्यांच्यासमोर बसून फुर्रफुर्र करून बशीतून प्यायचे आणि "बरं हुईल, बरं हुईल" म्हणायचे. मामांचे डोळे ट्रेमागं फिरायचे. मी ट्रे घेऊन ज्याच्यापुढं जाईन तिकडं. सगळ्यांना देऊन मी रिकामा ट्रे घेऊन आत चालले की माझ्या पाठीवर. मला वाटायचं, मागतायत. जीव तुटायचा, आणि त्याच्या दुप्पट राग यायचा. पाहुण्यांचा, डॉक्टरचा, आणि खोटं कशाला सांगू, मामांचाही. माझ्याकडं असं बघून मी काय करू, माझ्या हातात काय आहे?

त्यातच सोनारीच्या आत्या आल्या. मामांची धाकटी बहीण. दोन एस्ट्या बदलून, भैरवनाथाचा अंगारा पुडीत बांधून. भावाच्या कपाळाला अंगारा लावला, पायांवरून हात फिरवला, मग माझ्या हातचा चहा घेऊन खाटेच्या कडेला बसल्या. मी अंघोळीला गेले. मोरीतनं मला खोकला ऐकू आला. तसला खोकला मी कधी ऐकला नव्हता, माणूस आतून फाटल्यासारखा. ओल्या अंगानं साडी गुंडाळून पळाले तर आत्यांच्या हातात बशी, मामांच्या छातीवर चहा सांडलेला, आणि तोंड काळंनिळं.

संध्याकाळपर्यंत ताप चढला. रात्रीत सोलापूर. छातीत पाणी झालं, नाकातनं नळी घातली. मामांनी ती डाव्या हातानं ओढून काढली, तेव्हा तिथल्या लोकांनी हात खाटेला बांधला. ज्या हातानं जन्मभर स्टेअरिंग फिरवलं तो हात पट्टीनं बांधलेला मी बघितला, आणि पुन्हा हे बघायला लागू नये एवढंच मी मागितलं. कुणाकडं मागितलं ते ठाऊक नाही.

आत्या बाहेर बाकावर बसून होत्या. मला बघून म्हणाल्या, "त्येची नजर व्हती गं माझ्या बशीवर. नजरंसमोरचं एकट्यानं कसं प्यावं? आपल्यात असं करत्यात व्हय?" खरं होतं. आपल्यात असं करत नाहीत. कुणाची नजर पडली की घास मोडून त्याला द्यायचा, नाहीतर खाल्लेलं अंगी लागत नाही. हे मी स्वतः माझ्या लेकरांना शिकवलंय. भावाला तहानलेलं ठेवून स्वतः पिणं त्यांना जमलं नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. पण हे मला आज कळतंय. तेव्हा मी म्हणाले, "आत्या, तुमची माया तुमच्यापाशी ठेवा. निस्तरायचं मला आहे." दुसऱ्या दिवशी आत्या गावाकडं गेल्या.

मामांना घरी आणलं आणि मी चहाच बंद केला. साखर-पत्तीचे डबे माळ्यावर टाकले. 'न रहे बांस, न बजे बांसुरी' म्हणतात ना, तसं. त्यांच्यासमोर कुणी प्यायचा नाही, म्हणजे त्यांची नजर जायची नाही, म्हणजे कुणाला पुळका यायचा नाही. आल्या-गेल्याला तांब्याभर पाणी. विचारलं तर तोंडावर सांगायची, आमच्याकडं चहा बंद आहे. बोभाटा व्हायचा तो झालाच. "मास्तरीणबाईच्या घरी पाणी तेवढं मिळतं." नात्यातलं एक माणूस तर नवऱ्याला दुकानात जाऊन म्हणालं, काही अडचण असंल तर सांग, पत्तीचा पुडा पाठवतो. नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचं काय, तो दुकानात बसल्या जागी मागवून पीत होता. टायरच्या दुकानात चहाला काय तोटा. मला मात्र सकाळी डोकं असं ठणकायचं की फळ्यावरची अक्षरं हलायची. पण मी हट्टाला पेटले होते.

पाहुणे कमी झाले. घर शांत झालं. आणि मामांनी तोंड मिटलं.

आधी वाटलं कण्या नको असतील. भात केला. भात नको. शिरा मऊसर करून, केळं कुस्करून, वरणात तूप घालून. चमचा ओठाला लावला की ओठ घट्ट. डावा हात उचलून माझा हात बाजूला सारायचे, हळूच, रागानं नाही. इथले डॉक्टर घरी येऊन बघून गेले. म्हणाले, पोटात काही नाही गेलं तर पुन्हा नळी घालावी लागेल, दोन-तीन दिवस बघू. ते मामांच्या समोरच म्हणाले. मामा छताकडं बघत होते.

त्या संध्याकाळी मी वाटी घेऊन बसले, आणि तासाभरानं तशीच भरलेली वाटी खाली ठेवली. माझा तोल गेला. सासऱ्यांपुढं कधी आवाज चढवला नव्हता, तो चढला. म्हटलं, "मामा, तुम्हाला काय पाहिजे ते मला कळत नाही. मी दमले. शाळेत दमते, घरी दमते. तुम्ही असं केलं तर ते परत हात बांधतील, आणि मी ते बघायची नाही, सांगून ठेवते." मग तिथंच खाटेच्या पायाशी बसून राहिले. उठायचंसुद्धा त्राण नव्हतं. मामांचा हात माझ्या डोक्याकडं आला आणि अलीकडंच थांबला. सासऱ्याचा हात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा दुकान उघडायला लवकर गेला. उपाशी माणसाला एकटं ठेवायची मला भीती वाटत होती, म्हणून मामांना चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात, ओट्यालगत आणून लावली. मी शिजवून मिक्सरमधून काढलेल्या कण्या वाटीत ओतत होते. मागनं आवाज आला.

ठक ठक.

मी वळून बघितलं. मामा डाव्या हाताच्या बोटांनी खुर्चीच्या दांडीवर वाजवत होते. पुन्हा ठक ठक. मग हात वर, माळ्याकडं.

मी म्हटलं, "नाही मामा. ते जमायचं नाही." ठक ठक. "डॉक्टरांनी काय सांगितलं ऐकलंत ना?" ठक ठक ठक. म्हाताऱ्याचा हट्ट आणि माझा हट्ट, दोन्ही एकाच घरचे. शेवटी मी स्टूल घेऊन चढले, डबे काढले. म्हटलं, "करते. वास घ्या. पण द्यायची नाही, डोळ्यांनी मागितलात तरी नाही."

माझी नेहमीची पद्धत म्हणजे पाणी, दूध, साखर, पत्ती, सगळं एकदम. पातेल्यात पाणी ओतलं. दूध ओतायला पिशवी कलती केली तोच मागनं असं बडवणं सुरू झालं की पिशवी माझ्या हातातनं सुटता सुटता राहिली. मामा मान हलवत होते. नाही, नाही. हातानं दाखवत होते, खाली, ठेव. दूध खाली ठेवलं. बोट मागच्या दाराकडं. मी जाऊन गवती चहाचं पातं तोडून आणलं. मग मामांनी मूठ करून दांडीवर आपटली. आलं ठेचा. ठेचलं. पाण्यात टाकलं, साखर टाकली, आणि पत्तीच्या डब्याला हात घातला की पुन्हा ठक. थांब. किती थांबू? पाणी उकळतंय, वास सुटलाय, मला शाळेची घाई, आणि हे हात वर करून बसलेले, चौकातल्या पोलिसासारखे. मला त्याही परिस्थितीत हसू आलं. हात खाली आला तेव्हा पत्ती टाकली. रंग चढला, लाल, मग त्याहून गडद. दूध दुसऱ्या गॅसवर तापवायला लावलं. गार दूध ओतत नाहीत, हे मला या वयात कळलं. दूध पडलं, उकळी वर आली, हात म्हणाला बारीक कर. परत वर आली, परत बारीक. मग बंद, आणि वर ताटली.

मी गाळायला गाळणी घेतली. मामा बघत होते. झाकण काढलं तसं माझ्या घरात माझी जुनी सकाळ परत आली. तोच वास.

कप भरला. आता हे मागणार. आता मी नाही म्हणायचं, आणि हे पुन्हा तोंड मिटणार. कप मी त्यांच्यापासून हातभर लांब, ओट्यावर बशीशेजारी ठेवला. मामांनी खुर्चीतनं वाकून डावा हात पुढं केला. मी कप ओढून घेणार, तेवढ्यात बघितलं, त्यांचा हात कपाकडं जात नव्हता. शेजारच्या बशीकडं जात होता. त्यांनी बशी उचलली. ती कपाच्या काठाला लागून वाजली, दोनदा घसरली, मग नीट बसली. कप झाकला गेला. मग त्यांनी तो झाकलेला कप माझ्या बाजूला सरकवला, एवढासा.

आणि तोंड फिरवलं. पुढच्या दाराकडं, रस्त्याकडं.

मी चहा घेतला. पाट ओढून खाली बसले आणि बसून घेतला, गरम, सगळा. डोळ्यांतलं पाणी कपात पडलं असंल तर पडो. इतके दिवस त्यांचे डोळे ट्रेमागं का फिरत होते ते मला त्या पाटावर कळलं. सगळ्यांच्या हातात कप असायचा आणि माझ्या हातात रिकामा ट्रे. आणि शहाणी मी, काय केलं, तर पातेल्याच्या तळाशी उरायचा तो घोटही बंद केला.

मामा शेवटपर्यंत वळले नाहीत. कप रिकामा झाला तेव्हा मी तो विसळला, ओट्यावर पालथा घातला. त्याचा आवाज झाला तसे ते वळले. कण्यांची वाटी गार झाली होती. ती थोडी ऊन करून मी चमचा त्यांच्या ओठांपाशी नेला.

मामांनी तोंड उघडलं.